बांगड्याची शोकसभा

"पंधरा दिवस दे मले जागेश्वर, फक्त पंधरा दिवस! ह्या फळ्यापुढं उभं राहाले जागा सापडली, तं नावाचा महादेवराव नाही!"

बशीतला चहा फुर्रकन ओढून महादेवरावांनी ही प्रतिज्ञा केली, तेव्हा टपरीवर जागेश्वरशिवाय कोणी नव्हतं, हे एक बरं झालं. लकडगंजात लाकूड कापायच्या आरा मशीनच्या भिंतीला टेकून जागेश्वरची चहाची टपरी होती आणि त्या भिंतीवर तो फळा होता. हिरवा रंग, वर पांढरी अक्षरं : 'खाऱ्या पाण्याचे गळवाले मंडळ, नागपूर'.

हसू नका, मंडळी! नागपुरातून समुद्र गाठायचा तर रेल्वेत एक रात्र जाते आणि वर अर्धा दिवस मोडतो, हे मंडळवाल्यांनाही ठाऊक होतं. पण बदलीच्या नोकरीत माणसाला कुठकुठचे नाद लागतात! कोणी रेल्वेत मुंबईकडे राहून आलेला, कोणी पलटणीत कोचीनला. तिकडे समुद्रात गळ टाकायची चटक लागली, आणि नागपूरला परत आल्यावर ती भागवायची कुठं? म्हणून अडुसष्ट साली हा फळा लागला. कोणत्या खडकावर काय लागलं, भरती होती की ओहोटी, आमिष काय लावलं, हे सगळं पोस्टकार्डावर लिहायचं आणि टाचणीनं फळ्याला टोचायचं. दुसऱ्यानं खाली उत्तराचं कार्ड टोचायचं. वर्षातून एकदा सगळ्यांनी मिळून आजारपणाची रजा टाकायची आणि कोकण गाठायचं. आता आजारी माणसाचं नाव साहेबानं फळ्यावर वाचलं तर? म्हणून नियम असा की कार्डाखाली खरं नाव लिहायचं नाही, माशाचं लिहायचं. आणि कोणता मासा कोण, हे कोणी कोणाला विचारायचं नाही.

एके काळी त्या फळ्यावर टाचणी टोचायला जागा नसे. मग गावात टीव्ही आला! एकेक मासा टीव्हीपुढे जाऊन बसला तो उठलाच नाही. कोणी पुण्याला पोराकडे गेला, कोणी थेट वर गेला. चौऱ्याऐंशी साल उजाडेपर्यंत फळ्यावर एकच नाव उरलं, 'सुरमई'. म्हणजे आपले महादेवराव. दर सोमवारी प्रताप नगरातून लकडगंजात यायचे, मागच्या सोमवारचं आपलंच कार्ड काढायचे आणि आपलंच नवीन लावायचे.

नऊ वर्षं रत्नागिरीच्या पोस्टात काढलेला माणूस हा! पोटात नुसता समुद्र भरलेला, आणि ऐकायला कोणी नाही. घरी भरतीचं नाव काढलं की बायको मनकर्णा पदर खोचून उठायची, "मले गहू निवडाचे हायत!" जगात त्यांचा समुद्र ऐकून घेणारा एकच जीव उरला होता, तो हा लाकडी फळा. आणि जागेश्वर तोच काढायला निघाला होता!

"मी काय करू महादेवराव? व्हिडिओवाला पोस्टर लावाले जागा मागून राहिला. त्याच्या पोस्टरपाशी गिऱ्हाईक तरी उभं राहते. तुमच्या मासोळ्यांपाशी माशीबी बसत नाही!"

म्हणून ती प्रतिज्ञा. आणि प्रतिज्ञा पुरी करायचा उपायही महादेवरावांना चहा संपायच्या आत सुचला होता. माणसं नसतील तर माणसं तयार करायची, त्यात काय मोठं?

दुसऱ्या दिवशी भर दुपारी दार लावून त्यांनी तीन माणसं तयार केली. निळ्या शाईचा 'बांगडा', लाल शाईचा 'शिंगाळा' आणि डाव्या हातानं लिहिणारी 'मुडदुशी'. तिघांनी मिळून सुरमईची अशी तारीफ केली की वाचून महादेवराव स्वतःच लाजले. कार्डं पहाटे, टपरी उघडायच्या आत, नेऊन टोचली. आणि तिसऱ्या दिवशी जाऊन पाहतात तर काय! खाली एक चौथंच कार्ड! 'सुरमई यांचे लिखाण वाचून आनंद झाला. लिहीत जावे. आपला, रावस.'

महादेवरावांचे डोळेच पांढरे झाले! जिता माणूस! खराखुरा! मागोमाग 'घोळ' आला, 'पापलेट' आला. आठ दिवसांत फळा भरला. आरा मशीनचे हमाल चहा पितापिता कार्डं मोठ्यानं वाचायला लागले. जागेश्वरनं दुधाचं दुसरं भांडं चढवलं.

इथंच थांबले असते तर ही गोष्ट सांगायची पाळी आली नसती. पण रावसानं एक कार्ड लावलं : 'तांबोशीसाठी कणकेच्या गोळीसारखे आमिष नाही. कणकेत थोडी हळद घालावी.'

कणीक! समुद्रात! महादेवराव जागच्या जागी उडाले! अहो, तांबोशी हा खडकातला मासा, तो कोळंबी खाईल, बांगड्याचा तुकडा खाईल. तो काय जावई आहे, त्याला कणीक मळून घालायला? आता सुरमईनं भांडणं बरं दिसलं नसतं, म्हणून त्यांनी बांगड्याला पुढं केलं. बांगड्यानं निळ्या शाईत लिहिलं, 'तांबोशीला फक्त बांगड्याचाच तुकडा लावावा. रावस यांनी जन्मात समुद्र तरी पाहिला आहे काय?'

"अबे, हा बांगडा तं आपल्याच जातीले गळाले लावून राहिला!" एक हमाल ओरडला आणि टपरीवर हशा पिकला. हमालांत दोन तट पडले, एक कणकेचा आणि एक बांगड्याचा. चार दिवस दोन्हीकडून कार्डं सुटत होती. पाचव्या दिवशी रावसाचं कार्ड आलं : 'बांगडा यांनी रविवारी सकाळी नऊ वाजता फळ्यापाशी यावे. समोरासमोर होऊन जाऊ द्या!'

"वा! आता खरी मजा!" जागेश्वरनं मांडीवर थाप मारली. "महादेवराव, ह्या बांगड्याले मले पाहाचंच हाय. आला तं फळा जन्मभर राहीन इथं. अन् कोणीच नाही आलं तं सगळं थोतांड समजीन, सोमवारी फळा खाली!"

महादेवरावांनी रिकामी बशीच तोंडाला लावली. बांगडा आणायचा कुठून? रत्नागिरीहून पार्सल मागवायचा? रात्रभर त्यांचा डोळा लागला नाही आणि सकाळी उठून त्यांनी, मन घट्ट करून, बांगड्याला मारून टाकलं. शिंगाळ्यानं लाल शाईत लिहिलं, 'कळविण्यास अत्यंत दुःख होते की आपले बंधू बांगडा यांचे हृदयविकाराने निधन झाले. मागे पत्नी आहे.' ती पत्नी कशाला ठेवली मागे, ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं! निधनाच्या बातमीत असतेच, म्हणून ठेवली.

आता सुटलो, असं त्यांना वाटलं. कशाचं सुटतात! संध्याकाळी रावसाचं कार्ड हजर, अक्षर सगळं थरथरलेलं : 'माझ्या बोलण्याने एका माणसाचा जीव गेला. मी पापी आहे. रविवारी नऊ वाजता फळ्यापाशी शोकसभा ठेवावी. मी येऊन वहिनींचे पाय धरीन, तेव्हाच अन्न घेईन.'

"भला माणूस हाय बिचारा," जागेश्वर डोळे पुसत म्हणाला. "महादेवराव, तुमी मंडळाचे जुने. त्या बाईले घेऊन येजा बरं का! नाही तं हा रावस उपाशी मरन अन् आणखी एक सभा घ्यावी लागन!"

घरी मनकर्णाबाई सुपात तांदूळ निवडत होत्या. महादेवराव तीनदा खाकरले.

"रविवारी अर्धा तास लकडगंजले येतं का वं? काही बोलाचं नाही. नुसतं डोक्यावर पदर घेऊन बसाचं."

"काहून जी?"

"एक शोकसभा हाय. मंडळातला एक माणूस वारला, बांगडा नावाचा. म्हणजे... तसा तो नव्हताच. तू त्याची बायको म्हणून बसशीन. फक्त ते कुंकू तेवढं..."

सूप खाली पडलं. तांदूळ घरभर झाले.

"काय म्हणलं?" मनकर्णाबाई उभ्या राहिल्या. "माहा नवरा धडधाकट पुढं उभा, अन् मी कुंकू पुसून बांगड्याची विधवा होऊ? मासोळीची? अवो माय! थांबा, तुमाले विधवाच पायजे ना? आत्ता होऊन दाखवते!" आणि त्यांनी कोपऱ्यातलं मुसळ उचललं!

महादेवराव चपला हातात घेऊन पळाले, ते फाटकाबाहेर थेट रुपरावांवर जाऊन आदळले. रुपराव म्हणजे दोन घरं सोडून राहणारे, मूळचे कुहीचे, पाटबंधारे खात्यातले कारकून. माणूस दिसला की धरायचे आणि धानाच्या रोवणीवर पाऊण तास बोलायचे. महादेवराव त्यांना लांबून पाहूनच गल्ली बदलत. आता सापडलोच म्हणून त्यांनी डोळे मिटले. पण रुपराव रोवणीचा शब्दही बोलले नाहीत. डोळे सुजलेले, चेहरा उतरलेला. "जगण्यात काही राम नाही जी," एवढंच म्हणून ते पुढं निघून गेले.

रविवार उजाडला. जागेश्वरनं फळ्याला झेंडूचा हार घातला होता. आरा मशीनमधून फळ्या आणून बाकं मांडली होती, चाळीस कप धुऊन ठेवले होते. हमाल टोप्या काढून उभे. नऊ वाजले, सव्वानऊ झाले. शिंगाळा नाही, घोळ नाही, पापलेट नाही, मुडदुशी तर नाहीच. महादेवराव एकटे बाकावर बसून घाम पुसत होते. इतक्यात सायकल रिक्षा थांबली आणि तांदळाचं पोतं घेऊन रुपराव उतरले.

"मेलो! हा इथंबी आला!" महादेवराव मनात म्हणाले. पण रुपरावांनी सरळ येऊन त्यांचे हात धरले आणि हंबरडा फोडला.

"महादेवराव, मी खुनी हाय जी! मीच रावस! दोन दिवसांपासून पाण्याचा घोट घेतला नाही. कुठं हायत त्या माउली? त्याईच्यासाठी घरचा चिन्नोर तांदूळ आणला!"

"तू? तू रावस?" महादेवरावांचा आवाज चिरकला. "अरे पण तू तं माह्याच गल्लीतला, कुहीचा! तू समुद्र कधी पाहिला गा?"

"कुठचा समुद्र जी? मी आंभोऱ्याच्या वैनगंगेत गळ टाकणारा माणूस. तिथचंच लिहाचं, वरून थोडं मीठ टाकाचं! घरच्या शेतीचा तांदूळ घेऊन इथच्या बाजारात येतो, तं दोन महिन्यांपासून पाहून राहिलो. एक सुरमई बिचारा एकटाच लिहून राहिला, कोणी जवाब देत नाही. मले लय वाईट वाटे. पण समुद्राचं आपल्याले काय समजते म्हणून गप्प होतो. मंग बांगड्यानं लिहिलं, शिंगाळ्यानं लिहिलं, तं हिंमत आली. घोळबी मीच, पापलेटबी मीच. सुरमईले गर्दी वाटाव म्हणून!"

महादेवरावांनी रुपरावांना हाताला धरून बाकावर बसवलं. ज्याला चुकवायला चार वर्षं गल्ल्या बदलल्या, तोच माणूस त्यांच्यासाठी रात्री बसून कार्डं लिहीत होता! आता खोटं बोलायची ताकद राहिली नाही.

"रडू नको गा रुपराव. बांगडा मेला नाही. बांगडा मीच हाय. अन् शिंगाळा, अन् मुडदुशी. अन् तो एकटा सुरमईबी मीच."

रुपरावांचं रडं अर्ध्यातच थांबलं. हमालांनी टोप्या परत घातल्या. जागेश्वर बोटांवर मोजायला लागला.

"म्हणजे मासे सात, अन् माणसं दोन?" तो किंचाळला. "अन् चाळीस कप धुतले मी! दोघंबी प्रताप नगरात, एकाच गल्लीत! अरे, मंग फळा कायले पायजे तुमाले? घरच्या ओट्यावर बसून बोला ना!" आणि हार काढून त्यानं फळ्याच्या खिळ्यांना पक्कड लावली.

फळा भिंतीवरून उतरला तेव्हा महादेवरावांच्या काळजात चर्र झालं. पण परतीच्या रिक्षात, मधे पोतं आणि पलीकडे रुपराव, असे बसल्यावर हळूहळू त्यांच्या ध्यानात यायला लागलं. फळा कशासाठी हवा होता? कोणी ऐकावं म्हणून ना? मग हा काय, हाडामांसाचा माणूस, दोन घरांवर, आणि आपल्यासाठी जीव टाकणारा! फळा गेला तर गेला! त्यांचा ऊर भरून आला. ते पोत्यावरून पुढं सरकले.

"रुपराव, बहात्तर सालची गोष्ट सांगतो तुले. भाट्याच्या खाडीवर भरती लागली होती, वारा होता पश्चिमेचा..."

"महादेवराव," रुपरावांनी हात जोडले, "एक विनंती करू? राग नका मानू."

"बोल ना गा! आता तुझ्या-माझ्यात राग कायचा?"

"हे तुमी मले कार्डावरच लिहून देत जा."

"काहून?"

"कार्ड कसं," रुपराव रस्त्याकडे पाहत अगदी हळू म्हणाले, "अर्ध्यातच खिशात टाकता येते."