कडी बाबांनीच बसवली

"माझ्या खोलीला आतून कडी का नाही?"

एवढाच प्रश्न! पण तो आईबाबांसमोर, रात्रीच्या जेवणात, मान वर करून विचारून दाखव, अशी पैज आमच्या कंपूने मधल्या सुट्टीत लावली, तेव्हा मी कच खाणार याची सगळ्यांना खात्री होती. कारण आमच्यात एकीच्याही खोलीला कडी नाही. एकीला तर खोलीच नाही. ती पडद्यामागे राहते, आणि पडदासुद्धा तिच्या भावाच्या बाजूने सरकतो!

पण मी आता पूर्वीची मी राहिलेली नाही. गेल्याच महिन्यात शाळेच्या सभागृहात माईक बंद पडला, तेव्हा मी शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असं आभारप्रदर्शन केलंय. आणि त्याला टाळ्या घेतल्यात! आभारप्रदर्शनाला टाळ्या घेणारी मुलगी घरच्या दोन माणसांना भिते होय?

विचारला.

बाबांचा चमचा वाटीत बुडाला. आई म्हणाली, "पाठ ताठ!"

सांगायला हवं, माझी आई फिजिओथेरपिस्ट आहे. तिच्या मते मुलांची सगळी दुखणी मणक्यातून निघतात. बाबांचं चष्म्याचं दुकान आहे, त्यामुळे त्यांच्या मते ती डोळ्यांतून निघतात. मध्ये एकदा जिवलग मैत्रिणीशी भांडून मी उशीत डोकं खुपसून रडत होते. आईने मला उठवून खांदे गोल फिरवायला लावले आणि बाबांनी टॉर्च मारून विचारलं, "दोन्हींतून सारखंच पाणी येतंय ना?"

"कडी कशाला हवी?" आईने विचारलं.

"मला कधी कधी एकटीला बसायचं असतं."

"मग बस ना! आम्ही काय करतो?"

"तुम्ही येता!"

"आम्ही कुठे येतो?"

"आई, काल तू कात्री न्यायला आलीस, कात्री ठेवायला आलीस, आणि मग कात्री जागेवर आहे का ते बघायला आलीस!"

खरं कारण मी सांगितलं नव्हतं. शाळेच्या वार्षिक कार्यक्रमात एकपात्री प्रवेशाची एकच जागा आहे आणि तिच्यासाठी निवड शनिवारी संध्याकाळी पाच वाजता होणार होती. मी प्रवेश स्वतः लिहिला होता. त्यात तीन पात्रं: एक मुलगी, तिची आई आणि तिचे बाबा. आता तुम्हीच सांगा, आईची नक्कल करताना आईच कात्री शोधत आत आली, तर माणसाने करायचं काय?

दोन दिवस घरात कुजबुज चालली. शेवटी परवानगी मिळाली. अट एकच, कडी लावली की मोबाईल बाहेर! मी चालेल म्हटलं. मोबाईलवर थोडीच तालीम करायची होती?

"सुतार बोलावू या," आई म्हणाली.

"सुतार?" बाबा हसले. "अगं, आयुष्य गेलं माझं स्क्रू पिळण्यात!"

गेलंच आहे. पण चष्म्याचे! मुंगीच्या डोक्याएवढे! बाबांनी कपाळावर भिंग चढवलं, जीभ दातांत धरली आणि बाळाचं नाक पुसावं तसे कडीचे स्क्रू पिळले.

"बाबा, जरा जोर लावा की!"

"छे छे! जोर लावला की काच तडकते."

"दाराला काच नाहीये, बाबा!"

"हाताची सवय असते गं."

शनिवारी दुपारी मी कडी लावली. आहाहा! खट् असा काय सुंदर आवाज आला म्हणून सांगू! आरशासमोर उभी राहिले, हनुवटी छातीला टेकवली आणि बाबांच्या घोगऱ्या आवाजात सुरू झाले, "आमच्या वेळी कड्या नव्हत्या! आधी डोळे तपासू, मग बाकीचं बोलू!"

दाराबाहेर काहीतरी पडलं. बहुतेक आईच्या हातातली बादली.

"अहो! लवकर या! हिच्या खोलीत माणूस आहे!"

मी मात्र रंगात आले होते. कान असून नसल्यासारखे. बाबा दाराला कान लावून जे बोलत होते, ते मला आईने नंतर सांगितलं.

"घोगरा आवाज आहे. पन्नाशीचा असावा. बोलायची पद्धत उद्धट आहे."

"म्हणतोय काय?"

"डोळे तपासू म्हणतोय! चौकातल्या नव्या दुकानाचा माणूस दिसतो! आता घरात घुसून गिऱ्हाइकं पळवायला लागले!"

तेवढ्यात मी आवाज बारीक केला. "पाठ ताठ!"

"अहो, आत बाईपण आहे!"

मग दारावर अशी थाप पडली की मी उडालेच. घाईत कडी ओढली. कडीची मूठ पट्टीसकट माझ्या हातात आली, दांडा मात्र चौकटीच्या भोकात तसाच!

"बाबा! कडी निघाली!"

"निघाली ना? मग उघड!"

"निघाली म्हणजे हातात आली! दार बंदच आहे!"

"त्या माणसाला सांग ओढायला!"

"आत कोणी माणूस नाहीये!"

"खिडकीतून पळाला?"

"तिसरा मजला आहे, बाबा!"

"अगं बाई, म्हणजे पडला!" आई बाल्कनीकडे धावली. "काकू! ओ काकू! खाली कोणी पडलंय का हो?"

खालच्या मजल्यावरच्या काकू कपडे वाळत घालत होत्या. त्यांनी शांतपणे विचारलं, "कोण पडायचं होतं?"

आणि उत्तराची वाट न बघता वर आल्या. येताना दोन शेजारणी घेऊन आल्या!

"तो माणूस मीच आहे!" मी आतून ओरडले. "आणि ती बाईसुद्धा मीच! एकपात्री आहे, पाच वाजता शाळेत निवड आहे, मला बाहेर काढा!"

मग बाबांनी सुताराला फोन लावला. सुतार म्हणाला, निघालोच. अर्ध्या तासाने पुन्हा लावला. निघालोच! साडेचार वाजले आणि सगळ्या शाळेला आवाज पुरवणाऱ्या माझा स्वतःचा आवाज चिरकला.

"बाबा, जागा जाईल हो माझी."

बाबांनी या वेळी टॉर्च मागवला नाही. माझ्या मोबाईलवरून नाटकाच्या बाईंना फोन लावला, झालेलं सगळं सांगितलं आणि मोबाईल स्पीकरवर टाकून दाराला टेकवला.

बाई म्हणाल्या, "दार बंद आहे ना? तोंड तर बंद नाही! कर तिथूनच. मला आवाजच ऐकायचाय."

झाली का पंचाईत! मध्ये लाकडाची एक फळी, पलीकडे आई, बाबा, काकू, दोन शेजारणी, आणि मी करणार आईबाबांचीच नक्कल! पण जागा एकच होती. मी पाठ ताठ केली आणि सुरू झाले.

कात्री केली. टॉर्च केला. बाळाचं नाक पुसत स्क्रू पिळणं तर तिथल्या तिथे घुसवलं! काकू खो खो हसायला लागल्या. शेवटी मुलीचं बोलणं होतं, ते मी माझ्याच आवाजात म्हटलं: "दार लावून मी आत काय करते? काहीच नाही! पण आई, माणसाला कधी कधी काहीच न करायलासुद्धा एक खोली लागते. आणि रडले तर आधी विचारा ना, काय झालं म्हणून!"

"निवड पक्की!" बाई म्हणाल्या. "प्रवेश थोडा लांबव, छोटा आहे. आणि ते वडिलांचं पात्र जरा आवर. फारच भडक झालंय. असा माणूस असतो का कुठे?"

"का नसतो?" बाबा कडाडले. "असतो! तुमचा फोन धरून उभा आहे!"

आणि त्यांनी दारावर हात आपटला. दांड्याने चौकटीतल्या पट्टीसकट उडी मारली आणि दार सताड उघडलं! इतका वेळ नुसतं ढकलायचं होतं!

मग आई पुढे आली, उंबऱ्याशी थांबली आणि उघड्या दारावर टकटक करून म्हणाली, "येऊ का?"

"ये ना," मी म्हटलं. माझ्या डोळ्यांत पाणी होतं, दोन्हींत सारखंच.

"काय झालं गं?" बाबांनी विचारलं.

"काही नाही. मी एक ठरवलंय," मी दोघांना ठणकावून सांगितलं. "कडी परत बसवायची. सुतार नको, बाबा, तुम्हीच बसवायची! बाईंना प्रवेश लांबवून हवाय आणि माझ्याकडचं सगळं साहित्य संपलंय!"