चार बोटं माया

"आफ्रिकेला किती कापड लागेल?" शिलाई मशीनवरून मान वर करत सासरेबुवांनी विचारलं.

"दोन हात," सून म्हणाली. "आशियाला त्याच्या निम्म्याहून थोडं जास्त. आणि युरोपला चार बोटं. त्यापुढे दोरासुद्धा नको हं, बाबा!"

सून शाळेत भूगोल शिकवायची, पण तीन वर्षं हंगामीच. उद्या तपासणीला येणारे साहेब तिचा पाठ बघणार होते. नोकरी कायम व्हायची की सुटायची, हे त्यावरच ठरणार होतं. पाठाचा विषय, जगाच्या कुठल्या भागात शहरांची वस्ती किती वेगानं वाढते. कागदाचे तक्ते फाटतात, म्हणून सासरेबुवांनी रंगीत पट्ट्या शिवायचं अंगावर घेतलं होतं. जिथे वाढ जास्त, तिथली पट्टी लांब.

युरोपची पट्टी हातात घेतल्यावर त्यांचा जीव कळवळला. एवढ्याशात झबल्याची बाही होत नाही. चाळीस वर्षांत त्यांनी माया न सोडता एकही कपडा शिवला नव्हता. माणूस अंगानं भरला तर उसवून सैल करता यावं, म्हणून आत दुमडून ठेवलेलं जादा कापड म्हणजे माया.

"वाढीचाच तक्ता, आणि वाढायला जागा नको म्हणे!" ते पुटपुटले.

बायको होती तेव्हा अशा वेळी ती कात्री घेऊन मागे उभी राहायची. आता अडवणारं कोणी नव्हतं. त्यांनी प्रत्येक पट्टीला चार बोटं माया सोडली, आत दुमडली आणि वर कच्चा टाका घातला.

दुसऱ्या दिवशी तक्ता टांगायला ते स्वतः वर्गात गेले आणि मग दाराशीच रेंगाळले.

"युरोपातली शहरं सगळ्यांत हळू वाढतात," सून म्हणाली आणि चुरगळलेली पट्टी सरळ करायला तिनं ती खाली ओढली. टर्रकन टाका सुटला. युरोप दुप्पट झाला.

वर्ग खिदळला. तिनं घाईनं शेजारची पट्टी सावरली, तर आशिया उसवला. आफ्रिका खिळ्यासकट निघाली आणि साहेबांच्या बुटांवर जाऊन पडली.

साहेबांनी चष्मा पुसला. "बाई, ही वाढ किती मिनिटांतली?"

सासरेबुवांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते पुढे आले. "साहेब, चूक माझी. सगळ्या पट्ट्यांना चार-चार बोटं माया सोडलीय मी. हिला ठाऊकच नव्हतं."

सुनेनं त्यांच्याकडे असं बघितलं की रात्रीच्या जेवणाची त्यांनी आशाच सोडली. मग ती मुलांकडे वळली.

"ऐकलंत ना? सगळ्यांना चार बोटं जास्त. मग खरी वाढ कशी काढाल?"

"चार बोटं वजा करून!" मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली.

"मग पहिला नंबर कोणाचा?"

"आफ्रिकेचा!" सगळा वर्ग ओरडला. "ती काय, साहेबांच्या बुटांवर!"

साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं. "कायम," एवढंच म्हणाले. सुनेनं वाकून त्यांच्या बुटांवरची आफ्रिका उचलली.

मुलं बाहेर पळाल्यावर साहेब सासरेबुवांना खिडकीपाशी घेऊन गेले. "काका, जरा खाजगी आहे. ही पँट सैल होईल का बघा. मधल्या भागात दोन वर्षांत फार वाढ झालीय."

सासरेबुवांनी कमरपट्टी उलटून पाहिली. "काही निघणार नाही यातून. तयार घेतलेली ना?"

"हो. कसं ओळखलंत?"

"ज्यानं तुम्हाला कधी बघितलंच नाही, साहेब, तो माया कशाला ठेवील?"