लीद उचलू नये

सेक्रेटरींचं एकच चुकलं. पाहणीला नगरपालिकेचे साहेब येणार म्हटल्यावर त्यांनी घोड्यांची वाट झाडून काढली.

वरवर नाही हो, लख्ख! रायडिंग क्लबच्या तबेल्यापासून निघून ओढ्याकाठच्या झाडीतून टेकडीपर्यंत जाणारी ती वाट. क्लबची सगळी मंडळी शनिवारभर तिच्यावर तुटून पडली. लीद उचलली, टापांचे खड्डे बुजवले, दंताळं फिरवून माती सारखी केली. एवढ्यावर थांबतील तर ते सेक्रेटरी कसले? त्यांनी दोन्ही कडांना फक्कीच्या पांढऱ्याशुभ्र रेघा मारल्या आणि तोंडाशी एक आडवी रेघही ओढली, शर्यतीला ओढतात तशी.

"घरात कधी झाडू हातात धरला नाहीत," बायको म्हणाली, "आणि इथं जंगल झाडताय!"

"तुला नाही कळायचं. काकूंनी नगरपालिकेत लीदीची तक्रार केलीय. साहेबांना लीदीचा कण दिसता कामा नये."

काकू म्हणजे वाटेच्या तोंडाशीच असलेल्या बंगल्यातल्या. त्यांच्या मागच्या फाटकाशी लीद पडली की त्या क्लबात फोन करत आणि सेक्रेटरी फोन कानापासून हातभर लांब धरत. बरं, लीद तिथंच पडे. कारण महाराणी, क्लबची म्हातारी तांबडी घोडी, रोज त्याच फाटकाशी थांबे. तिला दम लागतो अशी क्लबात समजूत होती, म्हणून वर बसलेला माणूस उतरून ओढ्यावर तोंड धुऊन येई.

आता नगरपालिकेला वाटेच्या जागी पार्किंग करायचं होतं. वाट गेली तर क्लब गेला, आणि क्लब गेला तर महाराणी गेली. या वयात तिला कोण घेणार, आणि घेऊन काय करणार, हा विचार आला की सेक्रेटरी जेवणावरून उठत.

रविवारी साहेब आले. चकचकीत बूट, काखेत फाईल. त्यांनी वाटेकडे बराच वेळ पाहिलं.

"घोडे कुठून जातात?"

"इथूनच की साहेब! रोज!"

"मग खुणा कुठायत? टापा, लीद, काहीतरी? वाट वापरात असेल तरच ठेवायची, नाहीतर बंद, असा नियम आहे. मला तर इथं मांजर फिरल्याचीसुद्धा खूण दिसत नाही."

 "थांबा साहेब, घोडीच आणून दाखवतो!" असं म्हणत सेक्रेटरी तबेल्याकडे धावले आणि जाताजाता बायकोच्या कानाशी पुटपुटले, "कालची लीद ढकलगाडीत भर. वाटेवर टाकून ये."

"काल उचललेली?"

"हो!"

"मग उचललीत कशाला?"

सेक्रेटरी आणखी जोरात धावले.

महाराणी खोगीर चढवून मोठ्या दिमाखात आली, आणि आडव्या रेघेपाशी येऊन खिळली. अशी पांढरी भानगड तिनं जन्मात पाहिली नव्हती. ती फुरफुरली. सेक्रेटरींनी "चल गं बाई" म्हणून गोंजारलं, टाच मारली, शेवटी उतरून लगाम ओढला. ती दोन पावलं मागेच सरकली.

"घोडी पहिल्यांदाच येतेय वाटतं इकडं," साहेब म्हणाले.

तेवढ्यात पुढच्या वळणावर बायको दिसली. फावड्यानं लीद टाकत होती. थोडी इथं, थोडी तिथं, मधे मागे सरून कसं दिसतंय तेही बघत होती.

"बाई, हे काय चाललंय?" साहेब ओरडले.

बायकोला खोटं बोलता येत नसे. "खुणा करतेय," ती म्हणाली.

साहेबांनी पेन काढलं. झालं, सगळंच मुसळ केरात! आणि कमी होतं म्हणून की काय, वास लागून काकू बाहेर आल्या.

"अहो सेक्रेटरी, आता काय गाडी भरभरून आणायला लागलात?"

"काकू, शांत व्हा," साहेब म्हणाले. "तुमचं काम झालं. वाट कायमची बंद. एकही घोडा इथं फिरकणार नाही."

काकूंचा चढलेला आवाज एकदम खाली आला. "कायमची? मग तांबडी कुठं जाणार?"

"कोण तांबडी?"

 काकू तरातरा घरात गेल्या. सेक्रेटरींनी महाराणीच्या मानेवर कपाळ टेकलं. "चुकलंच माझं, म्हातारे," ते म्हणाले, आणि त्यांना खरोखर रडू आलं.

तोच मागच्या फाटकाची कडी वाजली.

महाराणीचे कान ताडकन उभे राहिले. रेघ राहिली बाजूला, सेक्रेटरींना लगामासकट फरफटवत ती फक्की उडवत सुटली, साहेबांना वळसा घालून थेट फाटकाशी गेली आणि तिनं काकूंच्या स्वेटरच्या उजव्या खिशात तोंड खुपसलं. आतून गाजर निघालं.

साहेब बघतच राहिले. "खिसासुद्धा ठाऊक आहे हिला?"

"ठाऊक नसायला काय झालं? रोज येते. उशीर झाला तर फाटकाला धडका देते."

"पण तुमची तर तक्रार होती!"

"लीदीची होती," काकू कडाडल्या. "घोडीची कुणी केली? नाव सांगा त्याचं!"

सेक्रेटरींचा आ वासलेला होता. इतक्या दिवसांचा तो दम हा असा होता तर! महाराणीनं गाजर संपवलं, शेपूट वर केली आणि रोजच्या जागी रोजचं काम उरकलं. साहेबांचा डावा बूट जेमतेम वाचला. त्यांनी खाली पाहिलं, नाकाला रुमाल लावला आणि फाईलवर लिहिताना मोठ्यानं म्हणाले, "वाट वापरात आहे."

ते रस्त्यावरच्या आपल्या गाडीकडे निघाले, तशी सेक्रेटरींची सवय उसळून आली. त्यांनी बायकोच्या हातून फावडं ओढून घेतलं आणि वाकले.

"खबरदार, हात लावाल तर!" काकू ओरडल्या. "त्यांची गाडी सुरू होऊ दे आधी."