सासऱ्यांचा एकच परिच्छेद

सासऱ्यांच्या आठवणींची फाईल उघडली आणि जावयाने कपाळाला हात लावला. प्रत्येक ओळीच्या शेवटी एंटर! सासरे निवृत्त टंकलेखक. ओळ संपली की खाली उतरायचं, ही बोटांची जन्माची खोड. आता ई-रीडरवर अक्षर मोठं केलं की ओळी नको तिथे मोडून पडत होत्या, आणि मोठ्या अक्षराशिवाय सासऱ्यांना दिसत नव्हतं.

पुस्तकं ई-रीडरसाठी बांधून देणं हा जावयाचा धंदा. सासऱ्यांना तो लग्नापासून पटलेला नव्हता. "लिहितो लेखक, छापतो छापखाना. मग हे नक्की करतात काय?" आज सगळ्या नातेवाइकांसमोर वाचन होतं. सासऱ्यांच्या वाचनाचा नियम कडक होता. परिच्छेद संपल्याशिवाय थांबायचं नाही आणि ऐकणाऱ्याने उठायचं नाही. जावयाची जी काही इज्जत व्हायची ती आजच होणार होती.

"अहो, पाहुणे आले! झालं का?" बायको दारात उभी.

"एंटर काढतोय एकेक."

"एकेक कसले? काढा की सगळे एकदम!"

घाईत त्याने बायकोचं ऐकलं. सगळे एंटर एका फटक्यात गेले. फाईल ई-रीडरवर चढली, बायकोने तो उचलून नेला, आणि मग जावयाने संगणकाच्या पडद्याकडे नीट पाहिलं. एंटरबरोबर परिच्छेद गेले होते, प्रकरणंही गेली होती. बालपण, नोकरी, लग्न, दाढदुखी, सगळं एका दावणीला!

तो धावत बैठकीत गेला. "बाबा, जरा द्या इकडे. थोडं राहिलंय."

"हात लावायचा नाही!" सासरे हरखले होते. "अक्षर बघा कसं टपोरं! एक ओळ मोडत नाही. जावईबापू, मानलं तुम्हाला!"

टाळ्या पडल्या. जावयाला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

वाचन सुरू झालं ते सुरूच राहिलं. चुलतसासरे घोरू लागले. कुणाच्या तरी पोटात गुरगुरलं. नियमामुळे उठायची मात्र कुणाची छाती होईना.

"अहो, जेवण गार झालं," सासूबाई न राहवून म्हणाल्या.

"एवढा परिच्छेद संपू दे," सासरे पान उलटत म्हणाले.

सासूबाई जावयाकडे झुकल्या. "पुस्तक तुम्हीच बांधलंत ना? किती राहिलाय हो हा परिच्छेद?"

जावयाने मान खाली घातली.

"आई, त्यात अजून तुमचं लग्नसुद्धा झालेलं नाही."