नवऱ्याला वाचवण्यासाठी लावलेली बोली

नवऱ्याला जुन्या कॉम्प्युटरपासून वाचवायचं तर लिलावात आपणच उतरावं, हा विचार तिला भांडी विसळताना सुचला आणि तिथेच सगळं बिनसलं.

घरात असे तीन खोके आधीच होते. एकही सुरू होत नसे, पण पुसावे मात्र रोज लागत. (कोणाला, हे सांगायला नको.) चौथा त्याने सकाळी चहाच्या वेळी तिला आणि सासऱ्यांना फोनवर दाखवला. पिवळा पडलेला, दोन कळा उडालेल्या. "आज सातला लिलाव संपतोय," हे म्हणताना त्याचा आवाज इतका हळवा झाला, की तेवढा लग्नातही झाला नव्हता. बाथरूमच्या दुरुस्तीसाठी साठवलेले वीस हजार तिच्या डोळ्यांसमोर तरळले. उद्या प्लंबर यायचा होता. खालच्या काकू तर कालच सांगून गेल्या होत्या, "अगं, आज मी छत्री धरून आंघोळ केली!"

तोंडावर नको म्हटलं, तर हा दोन दिवस फुगून बसणार. त्यापेक्षा गुपचूप बोली चढवत न्यायची. भाजीवाल्याशी सुट्ट्या पैशांवरून हुज्जत घालणारा माणूस, आठ हजारांतच शेपूट घालेल!

पावणेसातला नवरा फोन खिशात टाकून "आलोच" म्हणून सटकला. ("आलोच"! चोराच्या मनात चांदणं.) तिने बेडरूमचं दार लावलं आणि सहा हजार टाकले. समोरून लगेच सात.

"निर्लज्ज!" ती फोनला म्हणाली.

तिने आठ केले, त्याने नऊ. तिने देवाचं नाव घेऊन दहा केले. समोरचा थबकला. हुश्श म्हणते न म्हणते तोच, अकरा! आता मात्र भीतीची जागा संतापाने घेतली. अकरा हजार? बायकोला न विचारता?

दारावर टकटक झाली. ती पलंगावरून पडायचीच बाकी होती.

"सूनबाई, तुझं वाय-फाय चालतंय ना गं?" बाहेरून सासरे.

"हो बाबा!"

"मग माझंच अडकतंय मेलं."

बारा. तेरा. चौदा. समोरून पंधरा. शेवटचे काही सेकंद उरले होते. तिने डोळे मिटले, दातओठ खाल्ले आणि अठरा दाबले.

डोळे उघडले तर स्क्रीनवर फुगे उडत होते. 'अभिनंदन! लिलाव तुम्ही जिंकलात.'

घाबरवता घाबरवता आपण जिंकूही शकतो, हे तिच्या हिशेबात नव्हतंच.

पाय ओढत ती हॉलमध्ये आली. सासरे टॅब मांडीवर ठेवून कपाळाला हात लावून बसले होते.

"बुडालो, सूनबाई. तुझ्या नवऱ्याने तो खोका अठरा हजारांना घेतला. मी पंधरापर्यंत रेटलं, म्हटलं घाबरेल. पण कार्टं बधेल तर शपथ!"

ती त्यांच्या शेजारी टेकली. "बाबा... ते कार्टं मीच."

सासऱ्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. ती तीच होती.

तेवढ्यात दार उघडून नवरा आत आला. केस बारीक कापलेले, मानेला पावडर.

"कुठे होतास तू?" दोघं एकदम ओरडले.

"न्हाव्याकडे. काय झालं?"

"आणि लिलाव?"

"तो होय? पाच हजारांवर गेला तेव्हाच दुपारी सोडला मी. आतून पार गंजलाय. त्याला पाचाच्या वर देणारा शुद्ध गाढव!"

तिने फोन त्याच्यापुढे धरला. त्याने वाचलं, पुन्हा वाचलं. मग तो तिच्या शेजारी बसला, खांद्यावर हात ठेवला आणि लग्नानंतर पहिल्यांदाच मिळालेली संधी चवीने चघळत म्हणाला,

"अगं, एवढी मोठी खरेदी करताना माणसाने घरात एकदा विचारावं तरी!"