पुढच्या रविवारी नक्की

"दहा मिनिटांचं काम आहे!" प्रोफेसरने जाहीर केलं. "जुनी डिस्क काढायची, नवी घालायची. तू बटणावरून बोट उचलायच्या आत कॉम्प्युटर हजर! पुढच्या रविवारी नक्की घालते."

"घाल हो," आई म्हणाली आणि कॉम्प्युटरचं बटण दाबून आंघोळीला निघून गेली.

प्रोफेसर म्हणजे कुठल्या कॉलेजात शिकवणारी बाई नव्हे. ती या घरची लेक. लहानपणापासून हाताला लागेल ते वाचायची, औषधाच्या बाटलीवरच्या कागदासकट, आणि कोणी काहीही विचारलं की "मी वाचलंय" म्हणून सुरू व्हायची. हे नाव आईनेच ठेवलं. लेक चाळिशी ओलांडून गेली, गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेली, तरी नाव काही सुटलं नाही. दर रविवारी ती यायची, तेही एकाच कामासाठी. आईचा कॉम्प्युटर बघायला.

बघण्यासारखा तो होताच. आई वकिलाच्या ऑफिसात टायपिस्ट होती. निवृत्त होताना तिने तिथला जुना कॉम्प्युटर मागून घेतला आणि घरबसल्या लोकांचे अर्ज, प्रबंध टाइप करून द्यायला लागली. घरात त्याला सगळे 'म्हातारबा' म्हणत. बटण दाबलं की म्हातारबा आधी खाकरायचा. मग जात्यावर कोणी खडे दळायला घेतल्यासारखा खर्रर्र-खर्रर्र करायचा, मध्येच दम खायचा, आपण आता काय करत होतो ते आठवायचा आणि पुन्हा पहिल्यापासून दळायला लागायचा. पडद्यावर एक चक्र गरगरत राहायचं. 'म्हातारबा उठेपर्यंत' हे त्या घरातलं वेळेचं मापच झालं होतं. म्हातारबा उठेपर्यंत आईची आंघोळ व्हायची, कपडे वाळत पडायचे, चहा व्हायचा, आणि बाबांशी एक अख्खं भांडण होऊन मिटायचंसुद्धा!

बाबा जन्मभर कागदाच्या कारखान्यात बॉयलर सांभाळत होते. कॉम्प्युटरला त्यांनी कधी बोट लावलं नाही. पण म्हातारबाची खर्रर्र थांबून बारीक टिकटिक सुरू झाली की ते पेपरची घडी घालत. म्हणजे आंघोळ झाली, आता चहा येणार. यात ते कधी चुकले नाहीत.

त्या रविवारीही टिकटिक झाली, पेपरची घडी झाली, चहा आला. आई ओले केस पुसत आपल्या खुर्चीत बसली. प्रोफेसर स्टुलाच्या काठावर टेकली होती. खांद्यावरची पर्स खांद्यावरच. पर्समध्ये नवी डिस्क होती. कितीतरी महिने होती. खोका अजून उघडलेला नव्हता, पण त्याची वॉरंटी आतल्या आत संपून गेली होती!

"आज घालून टाकू का? आहे जवळ."

"आज पसारा नको. पुढच्या रविवारी बघू." आईने कप पुढे केला. "मुंग्यांवरचा प्रबंध आलाय टायपिंगला. तुला सांगते, मुंग्यासुद्धा वारुळात आल्या की ओझं खाली ठेवतात."

"मी वाचलंय," प्रोफेसर म्हणाली. पर्स होती तिथेच राहिली.

म्हातारबा उठला, तशी प्रोफेसरही उठली.

"तुला उशीर होत असेल," आई म्हणाली. दर वेळी हेच म्हणायची.

"हो, निघते. पुढच्या रविवारी नक्की!"

पुढचा रविवार आला तेव्हा आई नव्हती. मधल्या एका दुपारी जेवून आडवी झाली, ती उठलीच नाही. तळमजल्यावरच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. मग नळी कानांतून काढली आणि नुसती हातात धरून बसून राहिले.

प्रोफेसर रडली नाही. माणसं आली, त्यांना तिने पाणी दिलं. असं कसं झालं, असं जो विचारील त्याला हृदयाचे झटके असे झोपेत का येतात ते नीट समजावून सांगितलं. तिने ते वाचलं होतं. येणारे हळूहळू कमी झाले, घर रिकामं झालं. कुसळासारखं टोचत राहिलं ते एकच. आईशी आपण शेवटचं जे बोललो ते होतं 'पुढच्या रविवारी नक्की'. शब्द दिला होता, पाळायला हवा!

तेव्हा एका रविवारी सकाळी ती स्क्रूड्रायव्हरचा नवाकोरा संच घेऊन दारात उभी राहिली.

"बाबा, आज करूनच टाकते. दहा मिनिटांचं काम आहे!"

बाबांनी तिच्याकडे पाहिलं, मग म्हातारबाकडे पाहिलं. "आहे तसाच राहील ना तो?"

"आईच्या सगळ्या फायली जशाच्या तशा राहणार! फक्त तो आता पळणार, सुसाट!"

"पळून जाणार कुठे?" बाबा पुटपुटले. पण ते ऐकायला प्रोफेसर होती कुठे? ती केव्हाच टेबलाखाली शिरली होती.

दहा मिनिटं पहिल्या स्क्रूतच गेली. कॅबिनेट उघडलं तर आत धुळीचा गालिचा! प्रोफेसर जोरात शिंकली, हातातला स्क्रू उडाला आणि थेट कपाटाखाली गेला. बाबा मदतीच्या उत्साहाने फ्रिजवरचा चुंबक काढून धावत आले.

"मागे व्हा!" प्रोफेसर किंचाळली. "चुंबक लागला की डिस्कवरचं सगळं पुसलं जातं! मी वाचलंय!"

बाबा हात वर करून, पिस्तूल रोखल्यासारखे, मागे मागे भिंतीपर्यंत गेले.

जुन्या डिस्कवरचं सगळं नव्या डिस्कवर उतरवायला लावलं, तर पडद्यावर एक हिरवी पट्टी उमटली आणि गोगलगाय सांधेदुखीने आजारी असावी तशी सरकू लागली. जेवणं झाली, भांडी झाली. बाबांची एक झोप झाली. पट्टी निम्म्यावर. अखेर उन्हं कलती झाल्यावर ती टोकाला पोचली. प्रोफेसरने जुनी डिस्क काढली, नवी बसवली, कपाळावरचा घाम पुसून कपाळभर धूळ फासून घेतली आणि बटणावर बोट ठेवलं.

"थांब!" बाबा म्हणाले. "मला चहा आणू दे."

ते आत गेले, स्वतः चहा करून घेऊन आले, आपल्या जागी मांडी ठोकून बसले, पेपर उघडला. "हं. दाब."

तिने दाबलं. बाबांनी कप उचलला. कप ओठांपर्यंत पोचायच्या आत पडदा लख्ख उजळला!

"बघितलंत?" प्रोफेसर टुणकन उठली.

"काय?"

"सुरू झाला!"

"केव्हा?"

"आत्ता!"

"मला काहीच ऐकू आलं नाही."

"याला आवाजच नसतो, बाबा! आत काही फिरतच नाही."

बाबा उठले. त्यांनी कॅबिनेटला कान लावला, मग तळहात ठेवला. "गार आहे गं."

"गार असणं चांगलं असतं!" प्रोफेसर म्हणाली, आणि बोलून झाल्यावर तिला कळलं की या घरात हे वाक्य बोलायची ही वेळ नव्हती.

बाबा पुन्हा बसले. चहा तसाच वाफाळत होता, त्याच्यावर फुंकरसुद्धा मारून झाली नव्हती. "मग आता मी काय करू?"

"काय करू म्हणजे?"

"रोज सकाळी लावतो मी हा," बाबा पेपरकडे बघत म्हणाले. "मला त्यातलं काही येत नाही. तो उठला की बंद करतो. पण तोवर दळत असतो ना... तेवढा वेळ वाटतं, ती आंघोळीला गेलीय. येईल आता."

ते उठून बाहेर गेले आणि जिन्यावर कठड्याला धरून उभे राहिले.

प्रोफेसर पालथी पडून टेबलाखाली सरपटत गेली. जुनी डिस्क परत बसवायची, आत्ताच्या आत्ता!

इकडे समोरच्या काकू दूध घेऊन वर येत होत्या. बाबांचा चेहरा बघून त्या पायरीवरच थांबल्या.

"काय झालं हो, भाऊ?"

"संपलं," बाबा म्हणाले. "सकाळपर्यंत ठीक होतं. आता आवाज नाही, काही नाही. हात लावून बघितलं, गार पडलंय."

सकाळी लेकीला आत जाताना काकूंनी पाहिलं होतं. पुढचं काही विचारायची त्यांना गरजच वाटली नाही. दूध पायरीवर ठेवून त्या "डॉक्टर! अहो डॉक्टर! पोरगी!" असा टाहो फोडत तीन मजले खाली गेल्या. डॉक्टर एका पायात चप्पल आणि हातात बॅग घेऊन धापा टाकत वर आले. "कुठे आहे?" त्यांनी विचारलं. बाबांनी आत बोट दाखवलं.

आत टेबलाखालून दोन निश्चल पाय बाहेर आले होते. डॉक्टरांनी गुडघे टेकून नाडी बघायला त्यातलं एक पाऊल धरलं.

प्रोफेसरने जी किंकाळी फोडली! किंकाळीसरशी डोकं टेबलाला आपटलं, टेबलावरची बरणी पडली, दिवसभर जमवलेले स्क्रू घरभर झाले, आणि दारात काकू मटकन खाली बसल्या. "जिवंत आहे!"

"मी कशाला मरू?"

"मग गार कोण पडलंय?" डॉक्टर ओरडले.

बाबांनी कॅबिनेट दाखवलं. "आलाच आहात तर बघता का जरा?"

डॉक्टरांनी बाबांकडे पाहिलं. याच खोलीत, पलीकडच्या पलंगाशी, नळी हातात धरून ते बसले होते. त्यांनी गुपचूप बॅग उघडली, नळी कानांना लावली आणि म्हातारबाच्या पत्र्यावर टेकवली. "काहीच हालचाल नाही," ते गंभीरपणे म्हणाले.

"मी आणते ना परत!" प्रोफेसर कपाळावरचं टेंगूळ चोळत म्हणाली. "जुनीच बसवायची आहे. दहा मिनिटांचं काम!"

सापडतील त्या स्क्रूंनी तिने जुनी डिस्क बसवली. बटण दाबलं. दिवा लागला, पण खाकरणं नाही की दळणं नाही. पडदा काळा, त्यावर एकच पांढरी ओळ. डिस्क सापडत नाही.

तिने डिस्क काढून पुन्हा बसवली. डिस्क सापडत नाही.

"जरा थोपटून बघ," काकू म्हणाल्या. तिने थोपटलं. डिस्क सापडत नाही!

पेपर मांडीवर घेऊन बाबा मोरीच्या बंद दाराकडे बघत बसले होते. प्रोफेसरने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, आणि इतके दिवस सगळ्यांना पाणी देणाऱ्या, सगळं समजावून सांगणाऱ्या त्या बाईच्या तोंडून एक भलताच आवाज बाहेर पडला.

"मला येत नाही!" ती फरशीवर बसून हमसून हमसून रडू लागली. "मला काहीच येत नाही! मी फक्त वाचलंय!"

कोणाला काय करावं कळेना. डॉक्टरांनी खिशातून रुमाल काढून दिला. काकू तिच्या पाठीवरून हात फिरवू लागल्या, मघाशी म्हातारबाला थोपटायला सांगितलं होतं तसाच. "रड बाई," त्या म्हणाल्या. बराच वेळ ती रडत होती. मग रुमालातून एक डोळा बाहेर काढला, तर समोर फरशीवर नवी डिस्क पडलेली, आणि तिच्या बुडाला एक वायर ऐटीत खोचलेली! विजेची वायर! ती तिने जुनीला लावलीच नव्हती.

तिने नाक ओढलं. वायर उपटून जुन्या डिस्कमध्ये खुपसली. बटण दाबलं.

म्हातारबा खाकरला.

मग खर्रर्र. मग दम. मग पुन्हा खर्रर्र.

कोणीच जायला उठलं नाही. डॉक्टर पलंगाच्या कडेवर टेकले, एका पायात चप्पल घालून. काकू उंबऱ्यात. बाबांनी पेपर उघडला आणि तो डोळ्यांसमोर धरला. आईची खुर्ची रिकामी होती. प्रोफेसर सवयीने स्टुलाकडे वळली, थांबली, मग खांद्याला अडकवायला उचललेली पर्स पुन्हा खाली फरशीवर ठेवून त्या खुर्चीत मागे टेकून बसली. चक्र गरगरत होतं.

"तुला उशीर होत असेल," पेपरच्या मागून बाबा म्हणाले.

"नाही."

"मग ती नवी डिस्क आता कधी घालणार?"

"पुढच्या रविवारी नक्की," प्रोफेसर म्हणाली. तोंडात बसलेलं वाक्य, आपोआप निघून गेलं. डॉक्टर दचकले.

खर्रर्र-खर्रर्र चालूच होती. तिने मोरीच्या दाराकडे पाहिलं, आणि आत आंघोळ करणाऱ्या माणसाला ऐकू जावं म्हणून आपण जरा आवाज चढवून बोलतो, तशी म्हणाली,

"आई, मी ती कधीच घालणार नव्हते गं! मला यायला कारण लागायचं!"