लडकूशेटची लादी

शुक्रवारी सकाळी चंद्राबाई मागच्या दारी मासळी साफ करत बसल्या होत्या. तेवढ्यात लडकूशेटनी हॉलच्या मधोमध, हळदीच्या एका जुन्या डागावर, संडास धुवायचं ॲसिड ओतलं.

डाग वाटीएवढाच होता. ॲसिड पडताच तिथे फसफसून फेस आला आणि लडकूशेट खूश झाले. "मळ निघाला बग कसा!" असं स्वतःलाच सांगत त्यांनी आणखी थोडं ओतलं. फेस ओसरल्यावर फडक्याने पुसलं. डाग गेला होता, पण त्याबरोबर लादीची चकाकीही गेली होती. पांढऱ्याशुभ्र संगमरवराच्या ऐन मध्यावर परातीएवढं खरखरीत, आंधळं वर्तुळ उमटलं होतं.

ही लादी म्हणजे लडकूशेटचा जीव होता. अंजूरची खाडीकाठची जमीन गोडाऊनला भाड्याने दिल्यावर त्यांनी घर बांधलं, आणि लादी निवडायला ते स्वतः ट्रकमध्ये बसून राजस्थानला गेले होते. एकेका फरशीवर हात फिरवून त्यांनी ती पसंत केली होती. सून पसंत करतानाही लोक एवढा वेळ घेत नाहीत.

आणि रविवारी नेमकी पसंतीच व्हायची होती. त्यांची मुलगी मेघाली वडप्याच्या एका गोडाऊनच्या ऑफिसात कामाला होती. तिथे माल न्यायला येणारा टेम्पोवाला सागर तिला आवडला होता, आणि त्याला ती. दोघांच्या बापांनी मान डोलावली होती. राहिली होती ती सागरची आई, सीताबाई. सीताबाईंची कीर्ती वडप्यापासून अंजूरपर्यंत पोचलेली होती. थोरल्या मुलाच्या वेळी एका घरी पंख्यावर धूळ दिसली म्हणून त्या चहा यायच्या आधीच उठून आल्या होत्या.

लडकूशेटनी घाईघाईने सोफा ओढला आणि त्या वर्तुळावर आणून ठेवला. मेघाली ऑफिसला निघताना हॉलमध्ये आली आणि थांबली.

"बाबा, सोफा मधी कशाला? पावणे काय त्याला फेऱ्या मारतील?"

"नवीन पद्धत हाय," लडकूशेट म्हणाले.

मेघालीने वाकून सोफ्याखाली पाहिलं. मग शांतपणे मागच्या दाराकडे हाक मारली, "आये, जरा इकडं ये."

चंद्राबाई मासळीचे हात तसेच धरून आल्या. त्यांनी वर्तुळ पाहिलं, बाटली पाहिली, नवऱ्याकडे पाहिलं.

"अवो, संडासाचं हाय ते. हॉलमदी कशाला वतलंत?"

"डाग काडाला."

"त्या डागावर मी चटई टाकनार होते!"

"माजी लादी चटईखाली?" लडकूशेटना ते मुळीच पटलं नाही. "राजस्थानवरनं आनलेली लादी हाय ती. झाकाची न्हाय. मी पॉलिशवाला बोलवतो."

शनिवारी सकाळी धामणकर नाक्यावरून मोरू नावाचा पॉलिशवाला टेम्पोत मशीन घालून आला. मशीन म्हणजे लोखंडी धूड होतं. खाली गरगर फिरणाऱ्या तव्याला घासायचे दगड आणि वर लांब दांडा. मोरूने वर्तुळावर बोट फिरवलं आणि जीभ टाळ्याला लावून चक् केलं.

"काका, एवढंच घासलं तर ठिगळ दिसेल. पूरा हॉल घ्यावा लागेल. आधी जाडा दगड, मग बारीक, मग त्याच्यापेक्षा बारीक, लास्टला पावडर. शामपर्यंत तोंड बघा लादीत."

सोफा, शोकेस, टीपॉय सगळं बाजूला झालं. मोरू मोठ्या रुबाबात दांडा धरून उभा राहिला. पाणी ओतत, डावीकडून उजवीकडे झुलत त्याने जाडा दगड अख्ख्या हॉलभर फिरवला. चंद्राबाई चहा घेऊन आल्या आणि कप हातात धरूनच बराच वेळ बघत राहिल्या. जाडा दगड फिरला तशी लादी होती नव्हती ती चकाकी गमावून बसली. हॉल नव्याने ओतलेल्या सिमेंटच्या रस्त्यासारखा दिसू लागला.

"घाबरू नका," मोरू म्हणाला, "पहिल्या हाताला असंच दिसतं."

एवढ्यात त्याचा फोन वाजला. त्याने ऐकलं आणि त्याचा चेहरा लादीसारखाच झाला.

"काकी, बायकोला दवाखान्यात नेलं! पुढच्या आठवड्यात होती हो तारीख!"

"मग हितं काय करतंस? जा!" चंद्राबाईंनी त्याच्या हातातला दांडा काढून घेतला. "लादी काय पळून जात न्हाय."

मोरू मशीन, दगड, पावडर सगळं टाकून टेम्पोत चढला.

"आनि पावने?" लडकूशेटनी विचारलं.

"पावने बी पळून जानार न्हाईत."

"सीताबाय जाईल ना!"

ते मात्र खरं होतं.

लडकूशेटनी भिवंडीतल्या पॉलिशवाल्यांना फोन लावले. एक कल्याणला होता, एक गावाला होता, एकजण "सोमवारी बघू, शेठ" म्हणाला. कालपर्यंत परातीएवढं असलेलं संकट आता भिंतीपासून भिंतीपर्यंत पसरलं होतं.

तेवढ्यात त्यांचा मुलगा भूपेश ड्युटी संपवून आला. भूपेश गोडाऊनमध्ये फोर्कलिफ्ट चालवायचा. त्याने मशीनकडे एक नजर टाकली आणि बाह्या वर सरकवल्या.

"मी टनाटनाचा माल उचलतो, बाबा. हे तर खेळणं हाय."

बटण दाबताच खेळणं उजवीकडे निघालं आणि भूपेश त्याच्या मागे. त्याने दांडा ताकदीने डावीकडे ओढला, तसं मशीनने गिरकी घेतली, शोकेसला धडक दिली आणि पडद्याकडे मोर्चा वळवला. पडदा दांडीसकट खाली आला. मेघालीने धावत जाऊन प्लग काढला तेव्हा भूपेश पडद्याखाली होता.

"तुला दाबून धरता येत न्हाय," लडकूशेट म्हणाले. "सर!"

त्यांनी दाबून धरलं. जेवढं दाबलं तेवढं मशीन चवताळलं. शेट आधी मशीनभोवती फिरले, मग मशीन शेटभोवती फिरलं, वायर त्यांच्या पायाला दोन वेढे घालून बसली आणि पाण्याची बादली कलंडली. दगडाच्या भुकटीने पांढरं झालेलं पाणी उंबरा ओलांडून अंगणात, आणि अंगणातून रस्त्यावर गेलं. शेजारच्या बायजाबाई कपाळावर हात मारत धावत आल्या.

"चंद्रे, येवढं दूध कशानं सांडलं गो?"

"दूध न्हाय, लादी हाय ती!" चंद्राबाई आतून ओरडल्या. मग त्यांनी पदर खोचला. "सरका सगळे. मी बगते."

"तू?" बाप-लेक एकदमच म्हणाले.

"तो मोरू दाबत नव्हता. नुसता हात ठेवून कमरेतनं झुलत होता. माहेरी मी जात्यावर तांदूळ दळलेत. दगड फिराला लागला की त्याच्याशी भांडाचं न्हाय."

त्यांनी बटण दाबलं. मशीन थरथरलं, उजवीकडे झेपावलं, आणि चंद्राबाई त्याच्याबरोबर दोन पावलं गेल्या. ओढलं नाही, आवळलं नाही. दांडा जरासा खाली सोडला, तसं ते डावीकडे आलं. जरासा उचलला, तसं उजवीकडे गेलं. दुसऱ्या फेरीला मशीनचा आवाज बदलला. मघाचं गुरगुरणं जाऊन एकसारखी घरघर सुरू झाली, जशी पोट भरलेल्या मांजराची असते. भूपेशचं तोंड उघडंच राहिलं.

पण आता पुढचा दगड कुठला? रंग वेगवेगळे, पण आधी कुठला आणि नंतर कुठला हे कोणालाच ठाऊक नव्हतं. मेघालीने मोरूला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. मोरू प्रसूतीच्या खोलीबाहेर उभा होता.

"काकी, तुम्ही चालवताय? शाबास! आता हिरवा दगड लावा. पाणी भरपूर सोडा. आणि जोर लावू नका, बिलकूल जोर लावू नका!"

फोनमधून एका नर्सबाईंचा आवाज कडाडला, "ओ मिस्टर! तिला काय सांगताय बाहेरून? तिला जोरच लावायचाय!"

"मॅडम, मी लादीला सांगतोय!"

"बायकोला लादी म्हणता? लाज नाही वाटत?"

फोन बंद झाला. चंद्राबाई एवढ्या हसल्या की त्यांना मशीन थांबवून भिंतीला टेकावं लागलं. मग डोळे पुसून त्यांनी हिरवा दगड लावला.

दुपारभर घर एका लयीत चाललं. भूपेश पाणी ओतत होता, मेघाली वायपरने ओढत होती, बायजाबाई दारात बसून सूचना देत होत्या. लडकूशेटना वायर सांभाळायचं काम मिळालं होतं आणि ते त्यांनी मन लावून केलं. वायर उचलून धरत ते बायकोच्या मागोमाग चालत होते आणि बघत होते. चंद्राबाई कोपऱ्यात शिरताना दांडा अलगद वळवत होत्या, प्रत्येक पट्टा मागच्या पट्ट्यावर चार बोटं चढवत होत्या, मध्येच थांबून तळहाताने लादी चाचपत होत्या. त्या वर्तुळापाशी त्या पुन्हा पुन्हा गेल्या, पण कधी घाई केली नाही. इतकी वर्षं शेट येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत आले होते की ही लादी मी आणली. आज पहिल्यांदाच त्यांच्या मनात आलं, की रोज गुडघ्यावर बसून ती पुसली कोणी, हे आपण कधी कोणाला सांगितलंच नाही.

दिवेलागणीला पावडरचा शेवटचा हात झाला. मेघालीने पाणी ओढलं, भूपेशने कोरडं फडकं फिरवलं आणि ट्यूबलाइट लावली. लादीत दुसरी ट्यूबलाइट लागली. वर्तुळ कुठे होतं हे कोणालाच सांगता येईना. लडकूशेट वाकले, तर खालून एक दमलेला, पांढऱ्या मिशांचा गृहस्थ त्यांच्याकडे बघत होता. मिशा एरवी काळ्या होत्या. पांढरेपण हे दगडाच्या भुकटीचं काम होतं.

"चंद्रे," ते म्हणाले, "आनली तवा बी अशी नव्हती गो."

तेवढ्यात मोरूचा फोन आला. "काकी, मुलगी झाली! तुमचं काय?"

"आमची बी चमकली रे बाबा!" चंद्राबाई म्हणाल्या.

रविवारी सकाळी पावणे आले. सागर, त्याचे वडील ज्यांना सगळे भाऊ म्हणत, आणि मागून सीताबाई. सीताबाई उंबऱ्यापाशी आल्या, आत पाहिलं, लुगडं घोट्याच्या वर धरलं आणि जागीच थांबल्या.

"आताच धुतली काय? सुकू द्या. आमी बसतो भायेर."

"कोरडी हाय, या ना," लडकूशेट म्हणाले.

"मना काय दिसत न्हाय? पानी हाय चांगलं!"

शेवटी भाऊंनी अंगठा टेकवून पाहिला, मग पाऊल, आणि "कोरडी हाय गो" असं जाहीर केलं, तेव्हा कुठे सीताबाई आत आल्या. सोफ्यावर बसल्या, पण नजर खालीच. मेघालीने पोहे दिले, त्यांनी लादीकडे बघत घेतले. मेघालीचं नाव, शिक्षण, पगार भाऊंनीच विचारलं. सागर मेघालीकडे बघून डोळ्यांनीच विचारत होता की हे काय चाललंय, आणि मेघाली पोह्यांचा रिकामा ट्रे घेऊन तशीच उभी होती. सीताबाईंनी बशी खाली ठेवली.

"पोरगी चांगली हाय," त्या म्हणाल्या. "पन आमची एक मागनी हाय."

लडकूशेट सावरून बसले. अशा मागण्यांच्या गोष्टी त्यांनी पुष्कळ ऐकल्या होत्या, आणि मागणी आली तर पावण्यांना दार दाखवायचं हेही त्यांनी ठरवलं होतं. फक्त मेघालीकडे बघायचा धीर होत नव्हता.

"बोला," ते म्हणाले.

"ही लादी कोनी घासली?"

लडकूशेट गडबडले. मुलीच्या आईने मशीन चालवलं म्हटलं तर ही बाई काय म्हणेल! "मुंबईवरनं मानूस बोलावला होता," ते म्हणाले. "मोठा कारागीर हाय."

"तोच मानूस आमाला पायजे. आमची लादी काळी पडलीय. लग्नाआधी त्याच्याकडनंच करून घ्याची, दुसऱ्याचा हात लागू देनार न्हाय मी. नंबर द्या त्याचा."

"नंबर... तो जरा..." लडकूशेट खिसे चाचपू लागले.

"मी देते," मेघाली म्हणाली, आणि तिने नंबर सांगितला.

सीताबाईंनी तिथल्या तिथे फोन लावला. स्वयंपाकघरात चंद्राबाईंचा फोन वाजला. सीताबाईंनी हातातल्या फोनकडे पाहिलं, मग स्वयंपाकघराच्या दाराकडे, मग लडकूशेटकडे. लडकूशेटनी लादीकडे पाहिलं, पण तिथेही त्यांना आपलंच तोंड दिसलं.

चंद्राबाई फोन कानाला लावून दारात आल्या.

"हॅलो," त्या सीताबाईंकडे बघत फोनमध्ये म्हणाल्या, "मुंबईचा कारागीर बोलतेय. बुधवारी मोकळी हाय."

सीताबाईंनीही फोन कानावरून काढला नाही. जागेवरून उठून त्यांनी चंद्राबाईंना पायापासून डोक्यापर्यंत एकदा नीट पाहिलं.

"बुधवारी गाडी पाठवते, इहीणबाय," त्या फोनमध्येच म्हणाल्या. "मशीन मनाबी शिकवशील ना?"